वजन उतरवायला रोज किती कॅलरी? वहीवर काढा

अंदाजाने जेवण तोडलं की चार दिवसांत पुन्हा सुटतं. आधी आकडा काढा.

१. वजन (किलो) × १० + उंची (सेंमी) × ६.२५ − वय × ५. बायकांनी १६१ वजा करा, पुरुषांनी ५ मिळवा.
२. बैठं काम असेल तर १.२ ने गुणा.
३. त्यातून ३०० ते ५०० कमी करा.

७० किलो, १५५ सेंमी, वय ४०, बाई: १३०८, गुणून १५७०. इथे ५०० काढले तर फारच कमी उरतं. ३०० पुरे, म्हणजे १२७०.

चुकतं ते भाकरीत नाही, तेल-शेंगदाण्यात. सांगलीच्या भडंगातले मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाणेच १७० कॅलरी. फोडणीचा एक लहान चमचा तेल ४५. तेल चमच्यानेच घाला, बुधलीतून ओतू नका.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय १२०० च्या खाली जाऊ नका. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांनी तर आधी डॉक्टरच गाठा.