जन्मानंतर उद्भवणारे रक्त गोठण्याचे विकार : या चुका टाळा

रक्त गोठण्याचा जन्मजात दोष सहसा एखाद्याच घटकाचा (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा) असतो. जन्मानंतर उद्भवणाऱ्या दोषामागे मात्र यकृताचा आजार, के जीवनसत्त्वाची कमतरता, औषधे, जंतुसंसर्ग किंवा शरीराने स्वतःच्याच घटकाविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे (अँटीबॉडी), यांपैकी काहीही असू शकते. तरीही चाचणीचा आकडा वाढलेला दिसला की कारण न शोधता प्लाझ्माच्या (रक्तातील द्रव भागाच्या) पिशव्या मागवण्याची घाई मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे.

रक्त गोठायला लागणारा वेळ पीटी आणि एपीटीटी या दोन चाचण्यांत मोजतात. सर्वांत घातक घाई होते ती पीटी व्यवस्थित असून एकटा एपीटीटी लांबलेला असतो तेव्हा. एका वृद्ध रुग्णाच्या मांडीवर आणि पोटावर मोठमोठे काळेनिळे डाग उठले होते. आयुष्यात पूर्वी कधी, दात काढल्यावरसुद्धा, जास्त रक्त गेले नव्हते, त्यामुळे जन्मजात हिमोफिलियाची (घटक कमी असल्याने रक्त लवकर न थांबण्याच्या आजाराची) शक्यता सुरुवातीलाच बाद करण्यात आली. रुग्णाचा आणि निरोगी व्यक्तीचा प्लाझ्मा समप्रमाणात मिसळून लगेच चाचणी केली, वेळ जवळजवळ पूर्ववत आला, आणि घटकाची साधी कमतरता समजून प्लाझ्मा चढवणे सुरू झाले. दरम्यान स्नायूत दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनच्या जागी रक्त साकळत गेले. नमुना आमच्याकडे आल्यावर तेच मिश्रण 37 अंश सेल्सिअसला दोन तास ठेवले, तेव्हा वेळ पुन्हा लांबला. आठव्या घटकाविरुद्धची प्रतिपिंडे हळूहळू काम करतात, म्हणून घाईच्या चाचणीत ती निसटतात. या आजारात, म्हणजे जन्मानंतर उद्भवणाऱ्या हिमोफिलियात, रक्तस्राव थांबवण्यासाठी आठव्या घटकाला वगळून गुठळी घडवणारी औषधे लागतात आणि प्रतिपिंडे घटवण्यासाठी स्टेरॉइडसारखी औषधे. नुसत्या प्लाझ्माने काही साधत नाही. दोन तास थांबायची तयारी नसेल, तर ही चाचणी करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एपीटीटी एकटाच लांबला की मी आधी दोन प्रश्न विचारते : नमुना हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) दिलेल्या नळीतून घेतला होता का, आणि रुग्णाला रक्तस्राव होतो आहे की गुठळ्या? ल्युपस अँटिकोअॅग्युलंट ही प्रतिपिंडे असलेल्या रुग्णात प्रयोगशाळेतला वेळ लांबतो, पण शरीरात गुठळ्या होतात. अशा वेळी रक्त पातळ करणारे औषध बंद करणे जिवावर बेतू शकते.

या चाचण्यांसाठीची निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंतच भरावी. तीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारे द्रावण) हे प्रमाण ठरलेले असते. अर्धवट भरलेल्या नळीतला नमुना मी तपासत नाही, परत पाठवते.

यकृताचा दोष की के जीवनसत्त्वाचा, हे अंदाजाने ठरवू नये. सातवा घटक दोन्हींत घटतो; पाचवा यकृतातच बनतो, पण त्याला के जीवनसत्त्व लागत नाही. पाचवा व्यवस्थित आणि सातवा कमी असेल, तर उपाशी राहणे, दीर्घकाळ चाललेली प्रतिजैविके, अडलेला पित्तमार्ग आणि वॉरफेरिन (के जीवनसत्त्वाचे काम रोखून रक्त पातळ करणारे औषध) यांची चौकशी करावी.

प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात फायब्रिनोजनचा (गुठळीचे जाळे बनवणाऱ्या प्रथिनाचा) आकडा नेहमीच्या मर्यादेत आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. गरोदरपणाच्या अखेरीस तो एरवीपेक्षा बराच वाढलेला असतो, त्यामुळे रक्त वाहत असताना लिटरला 2 ग्रॅम हा आकडासुद्धा धोक्याचा समजावा आणि रक्तस्राव आटोक्यात येईपर्यंत चाचणी पुन्हा पुन्हा करावी.