गावच्या एकशिक्षकी शाळेचा इतिहास कसा लिहायचा (स्मरणिका नुसत्या शुभेच्छांनी न भरता)

सध्या बऱ्याच गावांत झेडपीच्या शाळेची शंभरी नाहीतर पंच्याहत्तरी चाललीय. मंडप पडतो, पुण्या-मुंबईची माजी विद्यार्थी मंडळी येतात, फेटे बांधले जातात आणि स्मरणिका निघते. त्या स्मरणिकेत आमदार, सभापती, सरपंच, खत दुकानदार सगळ्यांच्या शुभेच्छा पानोपानी असतात आणि शाळेचा इतिहास मात्र दीड पान, त्यातही अर्धं पान "ज्ञानदानाचं पवित्र कार्य" यातच जातं. एक खोली, एक मास्तर आणि चार वर्ग असलेल्या शाळेला इतिहास तो काय असणार असं लोकांना वाटतं. असतो, आणि भरपूर असतो, पण तो स्थापनेच्या तारखेत नसतो, तो रजिस्टरात असतो. कोण आलं, कोण आलं नाही, कोण मधेच गेलं आणि पैसे कुणी भरले, हे चार प्रश्न धरून बसलात तर लिहायला कागद पुरणार नाही.

सुरुवात शाळेतल्या कपाटापासून करा. मुख्याध्यापक (एकशिक्षकी शाळेत मास्तर, मुख्याध्यापक, क्लार्क, शिपाई सगळं एकच माणूस असतो) यांना आधी भेटा, चहा प्या, काय करायचंय ते नीट सांगा, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना सोबत न्या. थेट माहिती अधिकाराचा अर्ज टाकू नका, 10 रुपयांचं तिकीट लावून तुम्ही मोकळे होता पण मास्तर बिचारा घाबरतो आणि मग कपाट कायमचं बंद होतं. केंद्रप्रमुखांची तोंडी का होईना परवानगी घेऊन ठेवा, आणि रजिस्टर घरी मागू नका, शाळेतच बसून बघायचं, फोटो काढायचे तेही विचारून.

पहिली वही म्हणजे जनरल रजिस्टर, ज्याला दाखल-खारीज रजिस्टर पण म्हणतात. हे कायम जपायचं रेकॉर्ड आहे, त्यामुळे बाकी सगळं वाळवीने खाल्लं तरी हे बहुतेक मिळतं. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हा कितीतरी शाळांची जुनी रजिस्टरं माळ्यावरून खाली आली, काहींची स्कॅनिंग पण झाली, त्यामुळे "जुनं काही नाही हो" असं उत्तर आलं तरी एकदा स्कॅन प्रत आहे का ते विचारा. रजिस्टर उघडलं की आधी पहिला नंबर बघा. 1 पासून सुरू असेल आणि एकाच दिवशी पंधरा-वीस पोरं दाखल झालेली दिसली तर शाळा त्याच सुमारास उघडली म्हणायला हरकत नाही. पण पहिलाच नंबर तीनशेच्या पुढचा असेल तर आधीचं एक रजिस्टर गहाळ आहे हे समजा, आणि भिंतीवर रंगवलेल्या स्थापना वर्षावर विश्वास ठेवू नका. ते वर्ष पुष्कळदा इमारतीचं असतं, शाळा त्याच्या कितीतरी आधी देवळात नाहीतर चावडीत भरत असते. अजून एक, अख्खं रजिस्टर एकाच शाईत एकाच अक्षरात असेल तर ती नंतर केलेली नक्कल आहे, नकलेत चुका असतात.

आता रकाने. नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. यातली जन्मतारीख इतिहासासाठी जवळपास निरुपयोगी, अर्धं गाव 1 जूनला जन्मलेलं निघतं, कारण जून महिन्यात नाव घालायचं आणि मास्तरांनी पोराकडे बघून अंदाजे वर्ष टाकायचं अशी पद्धत होती (माझ्या ओळखीत एकाच घरातले तिघं भाऊ 1 जूनचे आहेत, तिघांचा वाढदिवस एका केकमध्ये उरकतो). पण "आधीची शाळा" हा रकाना सोनं आहे. सुरुवातीच्या पानांवर तिथे शेजारच्या गावचं नाव वारंवार येत असेल तर तुमची शाळा निघण्याआधी पोरं तिकडे चालत जायची, म्हणजे तुमच्या शाळेची आई ती शाळा, तिचंही रजिस्टर बघून घ्या.

आणि सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो "शाळा सोडल्याचं कारण" या रकान्याला. सतत गैरहजर, घरकाम, परगावी गेले, मयत. एक एक शब्द असतो पण ओळीने वाचत गेलं की गाव दिसायला लागतं. एक्सेल उघडा, नावं टाकू नका, फक्त रजिस्टर नंबर, वर्ष, मुलगा की मुलगी, वाडी किंवा वस्ती, कितवीत सोडली आणि कारण, एवढंच भरा. भरून झालं की वर्षावार लावा. पहिली मुलगी कोणत्या वर्षी दाखल झाली आणि चौथी पूर्ण करणारी पहिली मुलगी कोणत्या वर्षी, या दोन तारखांमधलं अंतर शोधा, बऱ्याचदा ते धक्का देणारं असतं आणि कुठल्याच स्मरणिकेत ते छापलेलं नसतं. 1972 च्या दुष्काळाच्या आसपास नावं कमी होतात का, ऊसतोडीच्या पट्ट्यात असाल तर दिवाळीनंतर कोणत्या वस्तीची पोरं गळतात, धरणात बुडालेल्या गावांची पोरं एकदम एका महिन्यात दाखल झालीत का, हे सगळं आपोआप वर येतं.

एक सावधगिरी. पट म्हणजे हजेरी नव्हे. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर तीन दिवस एकाच वेळी पटपडताळणी झाली, पोरांच्या बोटाला शाई लावून मोजणी केली होती आठवत असेल, ती उगाच झाली नव्हती. कागदावरचा पट आणि प्रत्यक्ष बसलेली पोरं यात फरक असायचा. म्हणून हजेरी पट मिळाले तर ते पण बघा, मात्र हजेरी पटाला जनरल रजिस्टरएवढं आयुष्य नसतं, जुने मिळाले तर नशीब.

मग येतं शेरेबुक, म्हणजे भेटीचं पुस्तक. तपासणीला आलेला साहेब त्यात शेरा मारून जायचा. जुनी माणसं ज्यांना डिपोटी म्हणायची ते सायकलवर नाहीतर घोड्यावर यायचे आणि "इयत्ता तिसरीचे पाढे कच्चे, छप्पर गळते, मुलींची संख्या वाढवावी" छापाचं लिहून जायचे. हे वाचायला मजा येते पण लक्षात ठेवा, साहेब येणार हे गावाला आधी कळलेलं असायचं, त्यामुळे त्या दिवसाची शाळा ही रोजची शाळा नाही. छप्पर गळतंय हा शेरा सलग किती वर्षं येतोय ते मात्र मोजा, त्यावरून शाळा चालवणाऱ्या बोर्डाची नियत कळते.

डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेतल्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, लोक बघतच नाहीत आणि माझ्या मते मजा तिथे जास्त आहे. कुठली वस्तू कधी आली यावरून वरचं धोरण वाचता येतं. टकळ्या आणि पेळू (सूतकताईचं सामान) दिसले की मूलोद्योगाचा, म्हणजे हाताने काम करत शिकायच्या गांधीजींच्या नई तालीमचा काळ, त्याच काळात कितीतरी शाळांना जीवन शिक्षण मंदिर असं नाव मिळालं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एकदम नकाशे, पृथ्वीगोल, गणित पेटी अशा वस्तूंची रांग दिसली तर ती खडू-फळा मोहीम, 1987 ला सुरू झालेली, जिच्यात प्रत्येक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक द्यायचं ठरलं होतं. तुमच्या शाळेला ती दुसरी खोली कधी मिळाली, दुसरा शिक्षक आला का, आला तर किती महिने टिकला, हे लिहा. 1995 नंतर तांदळाचा हिशोब सुरू होतो, आधी महिन्याला 3 किलो तांदूळ घरी द्यायचे, शिजवलेली खिचडी नंतर आली. मास्तर बदलला की नवा मास्तर चार्ज घेताना वस्तूंची यादी करून सही करायचा, त्या चार्ज याद्या मिळाल्या तर शिक्षकांची अख्खी क्रमवारी हातात येते. नाही मिळाल्या तर जनरल रजिस्टरातलं अक्षर कुठे कुठे बदलतं ते बघा.

शाळेबाहेर जायचं म्हणजे आधी आपला भाग कुणाच्या राज्यात होता ते माहीत पाहिजे, नाहीतर चुकीच्या दफ्तरात धूळ खात बसाल. मुंबई इलाख्यातली शाळा असेल तर 1855 ला सरकारी शिक्षण खातं निघालं, 1863 च्या सुमारास शेतसाऱ्यावर रुपयाला एक आणा लोकल सेस बसला आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी होता, 1884 च्या कायद्याने लोकल बोर्डं आली, 1923 च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला, 1947 च्या कायद्यातून जिल्हा स्कूल बोर्डं, आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा. म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी "लोकल बोर्डाची शाळा" किंवा नुसतं "मराठी शाळा" येतं, ती सगळी तुमची आजची झेडपीची शाळाच. कोल्हापूर संस्थानात असाल तर शाहू महाराजांनी 1917 ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, तिथे पटात फरक दिसतो का बघा. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाकडे, कागद उर्दूत, साल फसली (तिकडचं महसुली वर्ष), त्यात 590 किंवा 591 मिळवले की इसवी सन येतं (शके असेल तर 78). विदर्भात जनपद सभांचे (तिथल्या लोकल बोर्डासारख्या संस्थांचे) कागद लागतील. बेळगाव-कारवारकडची शाळा 1956 पर्यंत मुंबई राज्यातच होती. गोव्याचा विषय वेगळा, तिथे सरकारी मराठी प्राथमिक शाळांचं जाळं 1961 नंतर पसरलं, त्याआधीच्या मराठी शाळा बहुतेक लोकांनी स्वतःच्या पैशाने चालवलेल्या.

वरच्या त्या सेसवर थोडं थांबा. शाळा कुणी काढली असं विचारलं की गावात एका पाटलाचं नाहीतर एका गुरुजींचं नाव सांगतात, पण सेस तर सगळ्या शेतकऱ्यांनी भरला होता. 1882 मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडलं, की पैसा रयतेच्या घामाचा आणि शिक्षण मात्र वरच्या जातींना. तुमच्या रजिस्टरातला जातीचा रकाना याच्याशी लावून बघा. शाळा मारुतीच्या देवळात भरत होती हे लोक अभिमानाने सांगतात, ठीक आहे, पण मग महारवाड्यातली, मांगवाड्यातली पोरं कुठे बसत होती? पायरीवर, ओट्याखाली, की नव्हतीच? हे लिहिलं नाही तर तो इतिहास नाही, ती आरती आहे. गावात कुरकुर होईल, होऊ द्या.

मोठ्या चित्रासाठी 1880 च्या आसपास निघालेली जेम्स कॅम्पबेलची जिल्हा गॅझेटियरं नेटवर फुकट आहेत, त्यात शिक्षणाचं प्रकरण असतं. शिक्षण खात्याचे वार्षिक अहवाल पण आर्काइव्ह डॉट ऑर्गवर सापडतात. त्यात तुमच्या वाडीचं नाव येण्याची आशा फार धरू नका, जिल्ह्यात किती शाळा होत्या ते कळतं. गावनिहाय माहिती हवी तर जनगणनेची जिल्हा पुस्तिका, 1961 पासून पुढच्या, गावापुढे शाळा आहे की नाही ते दिलेलं असतं, म्हणजे निदान दहा वर्षांची चौकट मिळते. पुराभिलेखागार मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, संभाजीनगरला आहेत, तिथे मोडी वाचणारा माणूस सोबत न्या. शाळेची जागा कुणी दिली यासाठी तलाठ्याकडे फेरफार, तोंडी "आमच्या आज्याने दिली" असं सांगणारी निदान तीन घरं निघतात, फेरफार एकच असतो. आणि वाडीवरची शाळा 2000 नंतरची असेल तर ती मुळात वस्तीशाळा होती का ते विचारा, गोठ्यात नाहीतर झाडाखाली, थोड्याशा मानधनावर गावातल्याच शिकलेल्या पोराने नाहीतर सुनेने चालवलेली. त्यांचा इतिहास कुणी लिहितच नाही कारण अजून तो जुना वाटत नाही.

मुलाखती घेताना साल विचारू नका, कुणाला आठवत नाही. "कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर", "बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही कितवीत", "किल्लारीच्या वर्षी मास्तर कोण" असं विचारा. मास्तर जेवायचे कुठे, भाडं किती, सडा-सारवण कोण करायचं, पाणी कोण भरायचं (उत्तर बहुतेक मुली असं येतं), मास्तर एका वर्गाला शिकवत असताना बाकीचे तीन वर्ग काय करायचे, चौथीतली पोरं पहिलीकडून पाढे म्हणवून घ्यायची का, मास्तर रजेवर गेले की दुसऱ्या गावचा मास्तर कामगिरीवर यायचा की सरळ सुट्टी, निवडणूक-जनगणनेला शाळा किती दिवस बंद. बायकांना वेगळं भेटा, पुरुषांसमोर त्या "आम्ही कुठं शिकलो" म्हणून विषय संपवतात आणि दुसऱ्या दिवशी एकट्या असल्या की कविता म्हणून दाखवतात. आणि ज्यांनी दुसरीत शाळा सोडली त्यांच्याकडे आधी जा, कलेक्टर झालेला माजी विद्यार्थी कुठे पळून जात नाही.

लवकर करा हे पण सांगतो. वीसच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या हा विषय 2023 पासून पानशेत आणि तोरणमाळचं उदाहरण देत चर्चेत आहे. त्याच्या बाजूने-विरोधात खूप बोलण्यासारखं आहे, माझं मत विरोधातच आहे कारण पाच किलोमीटरची गाडी चुकली की पहिली शाळा सुटते ती मुलीची, पण आपल्या कामापुरतं एवढंच, की शाळा बंद झाली तर रजिस्टर दुसऱ्या शाळेत जातं आणि बाकीच्या वह्या कुठे जातात ते देवच जाणे. शाळेचा अकरा आकडी यूडायस कोड (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक) आत्ताच लिहून ठेवा, पहिले दोन आकडे 27 म्हणजे महाराष्ट्र, त्या कोडावरून पुढेही शाळेचा माग काढता येतो.

लिहिताना सालवार लिहू नका, कंटाळा येतो. मास्तरांच्या बदल्यांप्रमाणे भाग पाडा, गावाला काळ तसाच आठवतो. जिथे कागद एक म्हणतो आणि माणसं दुसरं, तिथे दोन्ही छापा. जातीचा रकाना, शाळा सोडल्याची कारणं यांचे फोटो ग्रुपवर टाकू नका, त्या घरातली माणसं आज गावात राहतात, पुस्तकात आकडे द्या, नावं विचारूनच द्या. छापून झालं की एक प्रत ग्रामपंचायतीला, एक तालुक्याच्या वाचनालयाला, पीडीएफ नेटवर, आणि शाळेला द्यायची प्रत नुसती हातात देऊ नका, मास्तरांना सांगून तिची डेडस्टॉक रजिस्टरला नोंद करून घ्या, म्हणजे पुढच्या प्रत्येक मास्तरला चार्ज घेताना ती मोजूनच घ्यावी लागेल.