सीएनसीवर (संगणकावर चालणारं कोरीवकामाचं मशीन) कोरलेली अक्षरं दातेरी येतायत?

समजा, लाकडी पाटीवर खानदेशातल्या कानबाई देवीचा मुखवटा आणि खाली घराण्याचं नाव कोरून घ्यायचंय. कडा करवतीसारख्या आल्या की लोक मशीनला बोल लावतात. दोष बहुतेक वेळा चित्रातच असतो.

१. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली जेपीजी नको, मूळ फाइल मागा.
२. मुखवट्याची खोली चित्रातल्या करड्या छटांवरून ठरते. म्हणून गिंपमध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) मुखवटा ग्रेस्केल करून प्रिसिजन (छटांची बारकाई) १६ बिट करा. हलका गॉशियन ब्लर (छटा मऊ करणारा इफेक्ट) त्यानंतरच. ८ बिटमध्ये २५६च छटा, गालावरच्या पायऱ्या नीट मिटत नाहीत.
३. पीएनजी एक्स्पोर्ट करा.

नाव या चित्रात घालूच नका. ते इंकस्केपमध्ये (रेषांची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) टाइप करून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषा होतात; ती एसव्हीजी (रेषांची फाइल) वेगळी द्या.

मुखवट्याच्या चित्रात सहसा पांढरं उंच, काळं खोल. काही सॉफ्टवेअरमध्ये उलटं. प्रीव्ह्यू न बघता लाकूड लावलं, तर नाक आत गेलेली कानबाई मिळेल.