चेतक चालू होत नाही? आधी प्लग काढा

पुण्यात जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिन्याखाली एखादी चेतक हमखास धूळ खात उभी असते. १९७२ पासून बजाजने ही स्कूटर विकली, आकुर्डीच्या कारखान्यातून तर किती घरांत गेली असेल. बाबांची म्हणून विकवत नाही आणि बंद पडते म्हणून कोणी चालवत नाही. आमच्याकडचीही अशीच पडून होती. एका गॅरेजवाल्याने "बोअर गेलंय, इंजिन खोलावं लागेल" म्हणून सांगितलं. त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका आले, इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढला, तारेच्या ब्रशने घासला आणि चौथ्या किकला गाडी भडभडली.

तेव्हापासून मी एकच क्रम पाळतो: आधी प्लग बघायचा, मगच बाकी कशाला हात लावायचा. इथे लिहिलंय ते जुन्या टू-स्ट्रोक चेतकबद्दल, म्हणजे जिच्या पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावं लागतं ती. शेवटी शेवटी फोर-स्ट्रोकही आली होती, तिचं तेलाचं गणित वेगळं.

सामान फार लागत नाही. गाडीच्या टूलकिटमधला प्लग पाना, एक चपटा स्क्रू ड्रायव्हर, तारेचा ब्रश, झीरो नंबरचा पॉलिश पेपर, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि भरपूर चिंध्या. पाना हरवला असेल तर नाना पेठेत मिळेल. हत्यारं धुंडाळायची हौस असेल तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, मात्र तोंड झिजलेला पाना स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तो प्लगचा षटकोन गोल करून ठेवतो, मग प्लग काढायला खरोखरच गॅरेज गाठावं लागतं.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. सिलिंडरचं हेड अॅल्युमिनियमचं असतं, तापलेलं असताना प्लगशी झटापट केली तर आटे जातात. पेट्रोलचा कॉक बंद करा, उजवीकडचं साईड पॅनल काढा. प्लगची टोपी धरून ओढा, वायर धरून नव्हे. प्लगभोवतीची माती फुंकून किंवा पुसून घ्या, नाहीतर प्लग निघताच ती थेट सिलिंडरमध्ये. मग पाना सरळ बसवून डावीकडे फिरवा.

आता तो प्लग उजेडात धरा. टोक कॉफीच्या रंगाचं, कोरडं असेल तर आतलं जळण उत्तम चाललंय, दोष दुसरीकडे शोधा. काळं, तेलकट, चिकट असेल तर ऑईल जास्त पडतंय किंवा हवा कमी मिळतेय, बहुधा एअर फिल्टर तुंबलाय. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरंफटक पडलं असेल तर मात्र सावध व्हा: पेट्रोल किंवा ऑईल कमी पडून इंजिन तापतंय. असा प्लग बघूनही गाडी कात्रजच्या घाटात घातली तर पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही. आणि प्लग पेट्रोलने ओला निघाला, तर गाडी नुसती ओव्हरफ्लो झालीय. तो कोरडा करा, कॉक बंद ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण पिळा आणि प्लगशिवायच सात-आठ किका मारून आतलं पेट्रोल उडू द्या. हे करताना स्विच बंद ठेवा आणि प्लगच्या भोकासमोर तोंड आणू नका.

(गाडी एका बाजूला तिरकी करून किक मारायची पद्धत सगळ्यांना पाठ आहे. टाकी तळाला लागली असेल किंवा गाडी बरेच दिवस उभी असेल, तर त्याने कार्बोरेटरकडे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे, पेट्रोल उतरतं. ओव्हरफ्लो झालेली गाडी तिरकी केली की उलट आणखी बुडते. आमचे बाबा दोन्ही वेळेला तिरकीच करायचे.)

प्लग घासून, पुसून झाला की फटीत फिलर गेज घाला. ०.६ मिलिमीटरच्या आसपास फट हवी. जास्त असेल तर वरची वाकडी पट्टी हलकेच ठोका, मधल्या दांड्याला हात लावू नका. मग ठिणगी तपासा: प्लग टोपीत बसवा, त्याचे आटे इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, पण भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. टोपी कोरड्या चिंधीने किंवा रबरी पकडीने धरा, स्विच चालू करा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. निळी, टकटकीत ठिणगी पडली की काळजी नाही. पिवळसर, मरतुकडी दिसली तर आधी नवा प्लग लावून बघा. दुकानात जुना बरोबर न्या आणि तोच नंबर मागा. नव्यानेही फरक पडला नाही तर पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे धातूचे संपर्क, बघावे लागतात. जुन्या मॉडेलला मॅग्नेटच्या खिडकीतून ते दिसतात, पॉलिश पेपरची घडी त्यांच्यात सरकवून एकदोनदा ओढली की काजळी निघते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीला पॉइंट नसतातच. पावसाळ्यात अनेकदा यातलं काहीच झालेलं नसतं, टोपीत पाणी गेलेलं असतं.

प्लग परत लावताना पाना बाजूला ठेवा. बोटांनीच फिरवत शेवटपर्यंत न्या. सुरुवातीलाच अडला तर तिरका बसतोय, काढा आणि पुन्हा लावा. मी एकदा घाईत पान्यानेच सुरुवात केली होती, त्या आट्यांत नवीन बुश बसवून घ्यायला प्लगच्या कितीतरी पट पैसे गेले. बोटांनी पूर्ण बसल्यावर नव्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा, जुन्याला अगदी किंचित.

प्लगने "पेट्रोल" म्हणून बोट दाखवलं असेल तरच कार्बोरेटरकडे वळा. वरच्या डब्याचं झाकण काढलं की एअर फिल्टर दिसतो. तो पेट्रोलने धुवा (उघड्यावर, आणि जवळपास विडी-सिगारेट नको) आणि सुकल्यावर बसवा. जेट (कार्बोरेटरमधली बारीक भोकाची पितळी नळी) काढलात तर तोंडाने किंवा हवेने फुंका, तार घालू नका, भोक मोठं होतं. मिक्श्चरचा, म्हणजे पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा स्क्रू फिरवायचाच असेल तर आधी तो हळूच पूर्ण आत नेऊन किती फेरे बसले ते मोजा आणि भिंतीवर का होईना, लिहून ठेवा. न मोजता पिळलेल्या स्क्रूमुळे मी पूर्ण रविवार घालवलाय.

सहा महिने उभ्या गाडीच्या टाकीतलं सगळं पेट्रोल काढून टाका. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. कॉकपासूनची नळी कडक झाली असेल, वाकवल्यावर चिरा दिसत असतील तर बदला, नळी काही महाग नाही. ताजं पेट्रोल भरताना लिटरला २० मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑईल, म्हणजे ५ लिटरला १०० मिली. आधी ऑईल ओता, मग पेट्रोल, म्हणजे आपोआप मिसळतं. "थोडं जास्त घातलेलं बरं" म्हणून हात सैल सोडला की परत तोच काळा, चिकट प्लग, शिवाय सायलेन्सर कार्बनने भरतो आणि पिकअप जातो. सायलेन्सरची शेपटी स्क्रू ड्रायव्हरने खरवडता येते, आतलं काम फिटरचं.

गिअरचं तेल वेगळं, त्याचा टू-टीशी संबंध नाही. ते बदलायचं असेल तर गाडी चालू झाल्यावर दोन-चार किलोमीटर फिरवून आणा म्हणजे ते पातळ होईल, खाली परात ठेवा, तळाचा बोल्ट काढा. काळं तेल गळून गेलं की बोल्ट घट्ट करून, गाडी सरळ उभी धरून, पुस्तिकेतल्या ग्रेडचं नवीन तेल भरायच्या भोकाच्या ओठापर्यंत घाला. जुनं तेल बाटलीत भरून गॅरेजवर द्या, गटारात सोडलं तर ते मुठा नदीत जातं. आणि फरशीवर डाग पडला तर त्यावर लाकडाचा भुसा टाका, काकूंच्या लक्षात यायच्या आत.

प्लग, कार्बोरेटर, पेट्रोल सगळं बघूनही गाडी चालू होत नसेल तर हाताने किक हळूहळू दाबा. मध्ये कुठे तरी ती जोर मागते का बघा. काहीच न अडता सरळ खाली गेली तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, नाही. रिंगा, सिलिंडर किंवा हेडचं पॅकिंग, यांपैकी काहीतरी गेलंय, आणि तिथून पुढे गाडी ढकलत फिटरकडे न्यायची.