सव्वासहाला जयकरसमोर: होस्टेलच्या पोरांनी चालायचा ग्रुप कसा टिकवायचा

दरवर्षी ॲडमिशनं झाली की होस्टेलमधे कोणीतरी व्यायामाचा ग्रुप काढतंच. पहिल्या दिवशी तीस जण ॲड, दुसऱ्या दिवशी ग्राऊंडवर सहा, आणि पंधरा दिवसांनी त्या ग्रुपवर फक्त कोणाचीतरी जुनी सायकल विकायचा मेसेज. आमचा पहिला ग्रुप असाच मेला. दुसरा दोन वर्षं चालला, म्हणून लिहितोय. आम्ही पुणे विद्यापीठात केलं, कॅम्पस चारशे एकरांच्या वर आहे, झाडी आहे, त्यामुळे जागेचा प्रश्न नव्हता, पण कोल्हापूर-नांदेडला पण जमेल, रस्ता आणि माणसं लागतात बस.

आधी एक करा, जोड्या पाडा. तीस जणांत आपण नाही गेलो तर कोणाला कळतंय, पण खाली गेटवर एकजण कुडकुडत आपल्यासाठी उभाय म्हटल्यावर माणूस शिव्या देत का होईना उठतो. जोडी पाडताना जिगरी दोस्त एकत्र टाकू नका, ते रात्री दोन वाजताच आपसात ठरवतात की उद्या नको यार. वेगवेगळ्या डिपार्टमेंटचे टाका, थोडी भीड असलेली बरी. आणि पळणाऱ्याला नवख्याच्या गळ्यात बांधू नका, दोघंही वैतागतात.

वेळ आणि जागा एकच ठेवा, रोज ग्रुपवर कुठे भेटायचं विचारत बसलात की संपलं. आमचं सव्वासहा, जयकर ग्रंथालयासमोर, तिथून मेन बिल्डिंगकडून मोठा राऊंड. टेकडी फक्त रविवारी, आणि उजाडल्यावर, कमीत कमी पाच-सहा जण असतील तरच. पुण्यातल्या टेकड्यांवर लूटमारीच्या बातम्या अधूनमधून येतात, उगाच हिरोगिरी नको. मुलींच्या होस्टेलचं गेट कधी उघडतं ते आधी विचारा आणि त्यावर वेळ ठरवा, आम्ही ते विचारलंच नव्हतं, पहिला महिना मुली आल्याच नाहीत आणि आम्ही म्हणत होतो त्यांना इंटरेस्ट नाही.

किती चालायचं? डब्ल्यूएचओ मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास केलं तरी झालं. मध्यम म्हणजे काय ते घड्याळात बघायची गरज नाही, चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. आणि बोलता येणं हाच तर आपला मुद्दा आहे. पावलं, किलोमीटर, कॅलरीचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायला बंदी करा. ज्याला आधीच वाटतंय आपण मागे पडलोय, त्याला सकाळी सकाळी अजून एक मेरिट लिस्ट कशाला.

आता बोलण्याचं. समोरासमोर बसून "काय टेन्शन आहे सांग" म्हटलं की कोणी सांगत नाही, शेजारी शेजारी चालताना आपोआप निघतं. माझा जोडीदार तीन आठवडे फक्त मेसच्या पातळ डाळीवर बोलायचा. एकदा चढावर थांबला, बुटाची लेस बांधायला खाली वाकला, आणि वर न बघताच म्हणाला, "दोन विषय राहिलेत, घरी अजून सांगितलं नाही रे." मी लगेच सुरू झालो, रीव्हॅल्युएशन टाक, अमक्या नोट्स घे, वडिलांना असं सांग. पुढचे दोन दिवस भाऊ गायब. तेव्हापासून माझा नियम असा की "मग?" म्हणायचं आणि चालत राहायचं, सल्ला मागितला तरच द्यायचा.

कोणी आलं नाही तर काय, यात आमची सगळ्यात मोठी चूक झाली होती. पहिल्या ग्रुपमधे मीच एक्सेलमधे हजेरी करून टाकायचो, न आलेल्यांपुढे लाल फुली. एकाने ग्रुप सोडला, आम्ही म्हटलं आळशी आहे. नंतर कळलं की त्याला तेव्हा अंथरुणातून उठवतच नव्हतं, कितीतरी लेक्चरं बुडाली होती. तर ग्रुपवर अजिबात विचारायचं नाही. फक्त जोडीदाराने मेसेज करायचा, तोही "का आला नाहीस" असा नाही, "चहाला ये" असा. दोन दिवस उत्तर नाही तर तिसऱ्या दिवशी दार वाजवायचं.

व्यायामाचा मनाला उपयोग होतो का, तर होतो. २००७ साली छापलेल्या अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात डिप्रेशन असलेल्या २०२ जणांना १६ आठवडे वेगवेगळ्या गटांत ठेवलं होतं. ग्रुपने व्यायाम करणारे ४५ टक्के बरे झाले, घरी एकट्याने करणारे ४० टक्के, औषधवाले ४७ आणि खोटी गोळी घेणारे ३१. म्हणजे ग्रुपचा फार मोठा चमत्कार नाही, आणि ते लोक काय आपल्या वयाचे कॉलेजवाले नव्हते. पण एकट्याने करायला आपण उठतो कुठे. आणि हे वाचून कोणी चालू असलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरला विचारल्याशिवाय तर नाहीच.

कुठे थांबायचं हे पण ठरवून ठेवा, आपण पोरं आहोत, काऊन्सेलर नाही. दोन आठवडे झोप-जेवण बिघडलंय, कशातच मन नाही, तर काऊन्सेलरकडे सोबत जा, नुसता नंबर देऊन मोकळे होऊ नका, बाहेरच्या बाकावर बसा. मरणाची भाषा आली तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने डोक्यात नसलेलं येत नाही. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, रेक्टरला किंवा घरच्यांना सांगायचं, "कोणाला सांगू नको" असं वचन आधीच देऊन बसायचं नाही. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, नंबर १४४१६, चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमधे टाका.

परीक्षेच्या दिवसांत ग्रुप फुटतो, सगळे म्हणतात पेपर झाले की परत चालू करू, आणि मग होत नाही. तेव्हा अर्धा तास सोडा, होस्टेलभोवती दहा मिनिटं, पुस्तक रूमवर ठेवून. पावसातही तेच, कॉरिडॉरमधे फेऱ्या मारा, जिने चढा-उतरा. नवीन बूट पहिल्या महिन्यात घेऊ नका, फक्त टेकडीवर चपला नकोत, ओल्या मुरमावरून घसरून आमच्यातल्या एकाचा पाय तीन आठवडे प्लास्टरमधे होता. तो चालायला यायचा नाही अर्थात, पण सातला कुबड्या घेऊन चहाला हजर असायचा, आणि त्याचे पैसे त्याचा जोडीदारच द्यायचा.