टंगस्टन हाताळताना या चुका टाळा

द्रवणांक ३४२२ अंश सेल्सिअस, सगळ्या धातूंत सर्वांत जास्त. हा आकडा एकदा डोक्यात बसला की वाटतं, टंगस्टनला कितीही तापवा, त्याला काही होणार नाही. घोळ इथूनच सुरू होतो. टंगस्टन उष्णता सोसतो, पण तापलेला असताना हवा सोसत नाही. उघड्यावर साधारण ५०० अंशांच्या पुढे तो भराभर ऑक्सिडाइज होतो आणि त्याचा पिवळा ट्रायऑक्साइड बनतो. जुन्या बल्बची काच तडकली की आतली टंगस्टनची तार क्षणात जळायची, ती यामुळेच.

टिग वेल्डिंगमध्ये टंगस्टनच्या इलेक्ट्रोडच्या टोकातून आर्क, म्हणजे विजेची ज्योत, पेटते आणि आरगॉन वायू टोकाला हवेपासून वाचवतो. तिथे हीच चूक रोज दिसते. आर्क विझताच टॉर्च उचलू नका, लालबुंद टोकावरून आरगॉन आणखी काही सेकंद वाहू द्या. टोक चांदीसारखं राहिलं तर ठीक. निळं-जांभळं किंवा काळं पडलं, तर गॅस लवकर बंद होतोय किंवा कमी पडतोय. टोकाचा गोळा होत असेल तर आधी जोडणी बघा: डीसीवर इलेक्ट्रोड पॉझिटिव्हला लागला असेल, तर आर्कची बरीचशी उष्णता त्याच्याच डोक्यावर येते. धार लावताना चरे लांबीच्या दिशेने हवेत, आडवे पडले तर आर्क भटकते. लाल खुणेच्या इलेक्ट्रोडमध्ये थोरियम असतं. त्याची धूळ किरणोत्सारी, ती श्वासात जाऊ देऊ नका. मी तर सरळ लँथेनमवालाच घ्या म्हणेन.

ड्रिलच्या टोकाला आपण सर्रास ‘टंगस्टन’ म्हणतो, पण तो शुद्ध धातू नव्हे. ते कोबाल्टने बांधलेलं टंगस्टन कार्बाइड. कठीणपणाच्या मोह्स मापावर धातू ७.५ च्या आसपास, तर कार्बाइड ९ च्या. मात्र कठीण म्हणजे चिवट नव्हे. हातोडा बसला की टवका उडालाच. धार लावून तापलेलं टोक पाण्यात बुडवलं तरी तडे जातात.

सोन्याची घनता घनसेंटिमीटरला १९.३ ग्रॅम, टंगस्टनची १९.२५. त्यामुळे आत टंगस्टन भरलेलं सोनं केवळ पाण्यातल्या वजनावरून ओळखू जाल तर फसाल. अल्ट्रासाउंड मात्र फरक दाखवतो, कारण टंगस्टनमध्ये ध्वनी बराच वेगाने जातो.

राहिली टंगस्टनची खनिजं, शीलाइट आणि वुल्फ्रमाइट. शीलाइट कमी तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशात निळसर चमकतं. नोटा तपासायच्या साध्या दिव्याने ते सहसा चमकत नाही आणि चांगला दगड टाकून दिला जातो. वुल्फ्रमाइट तर कुठल्याच दिव्याखाली चमकत नाही. ते काळपट रंगावरून आणि हातात घेतल्यावर जाणवणाऱ्या वजनावरून ओळखायचं. १७८३ मध्ये एलुयार बंधू या स्पॅनिश रसायनशास्त्रज्ञांनी धातू वेगळा केला तो यातूनच, आणि वुल्फ्रॅम या टंगस्टनच्या दुसऱ्या नावामुळेच त्याची संज्ञा ‘टी’ नसून ‘डब्ल्यू’ आहे.