गाडीचे इंजिन वारंवार तापते? कारण शोधताना या चुका टाळा

मुंबईत इंजिन तापण्याच्या तक्रारी बहुधा एप्रिल-मेमध्ये किंवा ऑक्टोबरच्या उन्हात सुरू होतात आणि त्यामुळे सगळा दोष हवेच्या माथी मारला जातो. परंतु इंजिनातले कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) एरवीही साधारण ९० ते १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास फिरत असते आणि त्यापुढे ३५ अंशांची हवा थंडच म्हणावी लागेल. व्यवस्था निरोगी असेल, तर भर दुपारी एसी लावून सिग्नलला उभी असलेली गाडीही तापता कामा नये. ऊन फक्त आधीपासून असलेला दोष उघडा पाडते.

गाडी केव्हा तापते, हे न पाहताच सुटे भाग बदलणे

ही सर्वांत महागडी चूक आहे. गॅरेजमध्ये "गाडी हीट होते" एवढेच सांगितले, की आधी थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप), मग वॉटर पंप, मग रेडिएटर अशी बदलाबदली सुरू होते आणि मूळ दोष तसाच राहतो. वास्तविक गाडी कोणत्या परिस्थितीत तापते, यातच अर्धे निदान दडलेले असते.

साकीनाक्याच्या कोंडीत तापमानाचा काटा वर चढतो आणि ईस्टर्न फ्रीवेवर गाडी मोकळी धावू लागताच खाली येतो, असे होत असेल, तर संशय रेडिएटरच्या पंख्यावर घ्यावा. धावत्या गाडीत वारा आपोआप रेडिएटरमधून जातो. उभ्या गाडीत ते काम पंख्यालाच करावे लागते. इंजिन चालू ठेवून एसी लावल्यावर बहुतेक गाड्यांत पंखा थोड्याच वेळात फिरू लागतो. तो फिरला नाही, तर फ्यूज, रिले, वायरिंग आणि शेवटी मोटर या क्रमाने तपासणी करावी. काही गाड्यांत पंख्याला दोन वेग असतात आणि कमी वेगाचा रेझिस्टर जळाला तरी जास्त वेग चालू राहतो, म्हणून "पंखा फिरतो की" एवढ्यावर समाधान मानू नये. आणखी एक खूण मुंबईकराच्या सहज लक्षात येण्याजोगी आहे: सिग्नलला एसीचा गारवा कमी होतो आणि गाडी पुढे निघाली की परत येतो. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असल्यामुळे दोघांनाही हवा पुरवणारा पंखा बहुधा एकच असतो.

याउलट शहरात ठीक चालणारी गाडी पुण्याला जाताना बोरघाटाच्या चढावर तापत असेल, तर पंख्यामागे लागण्यात अर्थ नाही. तिथे कूलंटचा प्रवाह किंवा रेडिएटरची क्षमता अपुरी पडते आहे: आतून चोंदलेला रेडिएटर, पूर्ण न उघडणारा थर्मोस्टॅट किंवा झिजलेला वॉटर पंप. बाहेरचा कचराही पाहावा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीत चिखल कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतो आणि समोरून पाहिल्यास सगळे स्वच्छ दिसते. तो काढताना प्रेशर वॉशरचा जोरदार फवारा मारू नये, कारण त्याने पातळ फिन वाकतात आणि हवेची वाट कायमची अडते.

रोज पाणी ओतत राहणे

कूलंटची व्यवस्था बंदिस्त असते. त्यातले द्रव इंजिन "पीत" नाही. पातळी वारंवार खाली जात असेल, तर ते कुठून तरी बाहेर जात आहे किंवा इंजिनाच्या आत जळत आहे. "मुंबईत कुठे बर्फ पडतो, साधे पाणी पुरे" हा युक्तिवाद अजूनही ऐकू येतो, पण कूलंट केवळ गोठण्यापासून वाचवण्यासाठी नसते. ते उत्कलनबिंदू वाढवते आणि त्यातील रसायने ॲल्युमिनियमचे हेड (इंजिनाचा वरचा भाग) व रेडिएटर यांना गंजापासून जपतात. सोसायटीच्या बोअरवेलचे खारट पाणी तर अजिबात टाकू नये. वापरासाठी तयार असलेल्या कूलंटमध्ये पुन्हा पाणी मिसळणे हीदेखील नेहमीची चूक आहे. रंगावर विसंबून दोन प्रकार एकत्र करू नयेत, कारण हिरवा किंवा गुलाबी रंग हा रसायनाचा खात्रीलायक पुरावा नाही. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकारच पाहावा.

गळती शोधताना झाकणाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. रेडिएटरचे किंवा एक्स्पान्शन टँकचे (कूलंटच्या जादा टाकीचे) झाकण व्यवस्थेत साधारण १ बार इतका दाब राखते आणि त्या दाबामुळेच कूलंट १२० अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर सैल झाले, की कूलंट लवकर उकळून ओव्हरफ्लोवाटे निघून जाते आणि गाडीखाली ठराविक जागी डागही सापडत नाही. झाकण हा तुलनेने स्वस्त भाग आहे. रेडिएटर बदलण्याआधी तो तपासून घ्यावा. मात्र इंजिन गरम असताना झाकण कदापि उघडू नये. दाब सुटताच उकळते कूलंट कारंज्यासारखे चेहऱ्यावर उडते.

थर्मोस्टॅट काढून टाकणे

जुन्या काळ्यापिवळ्या टॅक्सींवर हात बसलेल्या काही मेकॅनिकांमध्ये हा उपाय आजही प्रचलित आहे. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची सद्दी २०२३ मध्ये संपली, सवय मात्र गेली नाही. थर्मोस्टॅट नसेल, तर आजचे इंजिन योग्य तापमानाला पोहोचतच नाही, संगणक जादा इंधन सोडतो आणि मायलेज घसरते. शिवाय काही इंजिनांत बायपासची वाट उघडी राहून कूलंट रेडिएटर टाळून फिरते व चढावर गाडी आणखी तापते. शंका असल्यास थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात बुडवावा. त्यावर छापलेल्या तापमानाच्या, उदाहरणार्थ ८२ किंवा ८८ अंशांच्या, आसपास तो उघडू लागला पाहिजे.

हवा आणि सीएनजी किट

कूलंट बदलल्यावर व्यवस्थेत अडकलेली हवा नीट काढली नाही, तरीही काटा चढतो. भरताना हीटरचे बटण गरम बाजूला ठेवावे, जे मुंबईत वर्षानुवर्षे कोणी फिरवलेलेही नसते. बाहेरून बसवलेल्या बहुतेक सीक्वेन्शियल सीएनजी किटमध्ये रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गरम ठेवण्यासाठी कूलंटच्याच पाइपला जोड देऊन दोन नळ्या नेलेल्या असतात. तेथील क्लिप सैल होऊन थेंबथेंब गळती होते आणि कूलंट गरम भागावर सुकून जाते. सीएनजी गाडी तापत असेल, तर हे जोड आधी पाहावेत.

घाईघाईने हेड उतरवणे

हेड गॅस्केट (हेड आणि खालचा इंजिन ब्लॉक यांच्या मधली सीलबंद पट्टी) गेल्याचे ऐकले, की खर्च अनेक हजारांत जातो, म्हणून पुरावा मागावा. इंजिन चालू असताना टँकमध्ये सतत बुडबुडे येणे किंवा एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर न थांबता निघणे या गंभीर खुणा आहेत. ऑइलच्या झाकणाखाली थोडी पांढरट साय दिसणे मात्र पावसाळ्यात, विशेषतः छोट्या अंतरांच्या फेऱ्यांत, साध्या दमटपणामुळेही घडते. खात्रीसाठी ब्लॉक टेस्टर वापरतात. पेट्रोल इंजिनात ज्वलनातला वायू कूलंटमध्ये येत असेल, तर त्यातले निळे द्रव पिवळे पडते. त्यासोबत हातपंपाने कूलंट व्यवस्थेत दाब भरून तो टिकतो का, हेही पाहता येते. गॅस्केट खरोखरच गेली असेल, तरी ती बहुधा आधीच्या तापण्याचा परिणाम असते. नवी गॅस्केट टाकून बंद पंखा तसाच ठेवला, तर तीही टिकणार नाही.

काट्यावर आंधळा विश्वास आणि रस्त्यातली घाई

अनेक नव्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त थंड असताना निळा आणि तापल्यावर लाल दिवा लागतो. काटा असला, तरी बऱ्याच गाड्यांत तो तापमानाच्या मोठ्या पट्ट्यात मध्यावरच स्थिर दाखवलेला असतो. खरे तापमान ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाची माहिती देणाऱ्या सॉकेटला) जोडलेल्या छोट्या रीडरने कळते. चढलेला काटा एकाएकी पडला, तर सुटकेचा निःश्वास टाकू नये, कारण कूलंट पार संपले असेल, तर सेन्सर हवेत राहून चुकीचा आकडा दाखवतो.

काटा चढू लागताच एसी बंद करून हीटर पूर्ण गरम लावावा आणि सुरक्षित जागी गाडी थांबवावी. लाल दिवा लागला असेल, तर "घर दोनच किलोमीटरवर आहे" हा विचार सोडून इंजिन लगेच बंद करावे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. किमान अर्धा-पाऊण तास ते आपोआप निवू द्यावे. पंखा चावी काढल्यावरही अचानक फिरू शकतो, म्हणून हात दूर ठेवावेत.

दुरुस्तीनंतर गॅरेजच्या दारात दहा मिनिटे इंजिन चालवून गाडी ताब्यात घेऊ नये. कोंडीत तापणारी गाडी कोंडीतच आणि घाटात तापणारी चढावरच तपासावी, आणि पुढचे काही दिवस सकाळी इंजिन थंड असताना टँकमधली पातळी खुणेशी ताडून पाहावी.